इन्सुलिन सुरू करा, काजूची बाग विकू नका

डिचोलीहून एका ताईंचं पत्र आलंय. चार पानी आहे, सगळं देत नाही, मुद्द्याचं तेवढं देते.

"माझ्या मिस्टरांना ११ वर्षं शुगर आहे. वय ५३, अंगाने सडसडीत, पोट नाही, गोडाला हात लावत नाहीत, तरी या खेपेला एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी आकडा) ९.६ आलं. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि आणखी एक गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात आता इन्सुलिन घ्या. हे म्हणतात इन्सुलिन म्हणजे शेवट, माझ्या आईला इन्सुलिन लागलं आणि दोन वर्षांत गेली. दुबईच्या चुलत दिरांनी व्हिडिओ पाठवला की चीनमध्ये एका माणसाला नवीन बीटा सेल, म्हणजे इन्सुलिन करणाऱ्या पेशी, घातल्या आणि त्याचा डायबिटीस गेला. दिल्लीच्या एका क्लिनिकवाल्याशी फोनवर बोलणं पण झालंय, स्टेम सेलचे सहा लाख सांगतात. मायनिंग बंद पडलं तेव्हा ट्रक विकला, आता काजूची बाग तेवढी राहिलीय, ती विकायची भाषा चाललीय. वर कोणीतरी हरमलच्या बियांची पावडर आणून दिली, तिने बीटा सेल ७०० टक्के वाढतात म्हणे, ती सुरू केल्यापासून ह्यांनी गोळ्या अर्ध्यावर आणल्यात. हे संशोधन खरं की खोटं? मी काय करू? ता.क. मुलगा २७ वर्षांचा, वेर्ण्याला कंपनीत नाइट शिफ्टला असतो, त्याची शुगर बॉर्डरवर आलीय, पण त्याला काही त्रास नाही."

ताई, आधी पावडर बंद करा. आज, आत्ता, हे पुढचं वाचायच्या आधी. आणि गोळ्या अर्ध्या केल्यात हे डॉक्टरांना फोन करून स्पष्ट सांगा, लपवू नका, कारण डॉक्टर इन्सुलिनचा डोस ठरवताना मिस्टर लिहून दिलेल्या सगळ्या गोळ्या घेतायत असं धरूनच ठरवणार. मधल्या काळात मिस्टरांना सारखी तहान, सारखं लघवीला, वजन उतरणं चालू असेल किंवा उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, झापड येणं असं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

मी डॉक्टर नाही, फोंड्याला फार्मसी चालवते आणि काउंटरच्या मागे बसून माणसं शुगरशी काय काय करतात ते रोज बघते. एक गिऱ्हाईक आहे माझं, दर महिन्याला गोळ्यांची स्ट्रिप घेतो आणि विचारतो "बाय, ही सोडायची कधी?" जसं काय तापाचं औषध. तुमच्या मिस्टरांच्या डोक्यात पण तेच असणार, की गोळी ही पहिली पायरी, इन्सुलिन ही शेवटची, आणि त्याच्या खाली स्मशान. ही पायरीची कल्पनाच चुकीची आहे आणि ती काढायला बीटा सेलचंच काम समजून घ्यायला लागेल, तुमच्या दिरांनी विषय काढलाच आहे तर बरं झालं.

पोटाच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यातलं बहुतेक सगळं मांस पचनाचे रस करतं, आणि मधेमधे पेशींचे बारके पुंजके असतात, अख्ख्या ग्रंथीच्या जेमतेम एकदोन टक्के. हे पुंजके १८६९ साली बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पॉल लँगरहान्स नावाच्या पोराने प्रबंध लिहिताना पहिल्यांदा दाखवले, ते कशासाठी आहेत हे त्याला माहीत नव्हतं. वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं तर कुत्र्याला डायबिटीस झाला, तेव्हा कळलं की साखरेचं सूत्र इथे आहे. बीटा सेल या पुंजक्यांमध्येच असतात आणि अख्ख्या शरीरात इन्सुलिन करणाऱ्या खऱ्या अर्थाने त्याच.

आता ही पेशी साखर ओळखते कशी ते बघा, मला ही गोष्ट फार आवडते म्हणून थोडी लांबवते. रक्तातली साखर पेशीत शिरते, जळते, तिच्यापासून एटीपी म्हणजे पेशीचं इंधन तयार होतं. पेशीच्या भिंतीला पोटॅशियमची दारं असतात, एरवी उघडी. आपल्या खाजनात, खाडीकाठच्या शेतात, मानस म्हणजे पाण्याचं फाटक असते ना, भरतीचं पाणी दाबायला लागलं की तिची दारं आपोआप मिटतात, कोणी जाऊन लावावी लागत नाहीत, तसं एटीपी वाढलं की ही पोटॅशियमची दारं आपली आपण मिटतात. ती मिटली की पेशीवरचा विजेचा भार बदलतो, त्याने कॅल्शियमची दुसरी दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि तयार भरून ठेवलेल्या इन्सुलिनच्या पुड्या बाहेर सुटतात. जेवलात की भरती, पोट रिकामं की ओहोटी, इतका साधा हिशोब. तुमचे मिस्टर जी ग्लिमेपिराइड घेतात ती काय करते? ती मानशीचं दार हाताने लावून टाकते. भरती असो नसो. म्हणून ती गोळी घेऊन माणूस जेवला नाही की शुगर खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात. आणि म्हणूनच, लक्ष द्या इथे, ती गोळी असलेल्या पेशींकडूनच काम काढून घेते, नवीन पेशी आणत नाही. ११ वर्षांनी पेशीच कमी उरल्या असल्या तर गोळी वाढवून वाढवून काय निघणार तेवढंच निघणार.

आणि कमी उरतात हे नक्की. ब्रिटनच्या यूकेपीडीएस नावाच्या मोठ्या अभ्यासातून हिशोब निघाला की टाइप २ चं, म्हणजे साधारण मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या डायबिटीसचं, निदान होतं त्या दिवशीच बीटा सेलची ताकद साधारण निम्म्यावर आलेली असते, म्हणजे घसरण त्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेली असते, आणि पुढे दरवर्षी ती उतरतच जाते, गोळी कुठलीही असली तरी. पीटर बटलर यांच्या गटाने २००३ मध्ये मृत माणसांची स्वादुपिंडं तपासली, तर टाइप २ असलेल्या जाड लोकांत बीटा सेलचं प्रमाण तितक्याच वजनाच्या बिनडायबिटीसच्या लोकांपेक्षा ६३ टक्के कमी होतं, आणि बारीक लोकांत ४१ टक्के कमी. म्हणजे "मी बारीक आहे, मला काय होणार" याला काही अर्थ नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे वर्षानुवर्षं सांगतायत, त्यांनी १९९३ पासून पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं मोजली, आपली बाळं जन्मतः वजनाने कमी पण अंगात चरबी त्या मानाने जास्त, स्नायू कमी. मोठेपणी वजनकाट्यावर सडसडीत आणि आत वेगळंच. वर आपल्याकडच्या बऱ्याच पेशंटांत इन्सुलिन अंगाला लागत नाही यापेक्षा इन्सुलिन मुळात कमी बनतं हा भाग मोठा असतो. तुमच्या मिस्टरांचं पत्रातलं वर्णन, बारीक, ११ वर्षं, तीन गोळ्यांवर ९.६, मला त्याच बाजूचं वाटतं. पण वाटून उपयोग नाही, त्याची टेस्ट असते, तिच्याकडे येते.

आधी इन्सुलिनचं. रक्तात साखर सतत जास्त राहिली की बीटा सेल स्वतःच त्या साखरेने बधिर होतात, जेवढं इन्सुलिन करू शकतात तेवढंही करत नाहीत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डोमेनिको अक्किली यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांवर दाखवलं की यातल्या बऱ्याच पेशी मेलेल्या नसतातच, त्या आपलं काम विसरून मागे, कच्च्या अवस्थेत गेलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन दिलं, साखर खाली आणली, की उरलेल्या पेशींना जरा उसंत मिळते आणि काही परत कामाला लागतात. चीनमध्येच (चीनचं एवढं कौतुक आहे तर हे पण ऐका) २००८ साली नवीन निदान झालेल्या लोकांवर अभ्यास झाला, थोडे आठवडे जोरात इन्सुलिन देऊन मग सगळी औषधं बंद केली, तर एका वर्षाने इन्सुलिन पंप लावलेल्यांपैकी ५१ टक्के, इंजेक्शनं घेतलेल्यांपैकी ४५ टक्के लोक औषधाशिवाय ठीक होते, आणि नुसत्या गोळ्या घेतलेल्यांपैकी २७ टक्केच. आता प्रामाणिकपणे सांगते, ते लोक नवीन होते, तुमच्या मिस्टरांची ११ वर्षं झालीत, त्यांचं इन्सुलिन सुटेलच असं मी म्हणणार नाही, बहुतेक राहील. पण इन्सुलिन पेशी मारतं हा जो समज आहे तो बरोब्बर उलटा आहे. मारते ती साखर.

सासूबाईंचं म्हणाल तर, अशा गोष्टी मी काउंटरवर खूप ऐकल्यात आणि बहुतेक वेळा खोदून विचारलं की कळतं, इन्सुलिन सुरू केलं तेव्हा किडनी गेलेली होती, पायाची जखम भरत नव्हती, डोळ्यांवर परिणाम झाला होता. दहा वर्षं टाळून टाळून शेवटी घेतलं आणि मग नाव इन्सुलिनवर. तुमच्या सासूबाईंचं काय होतं मला माहीत नाही पण मिस्टरांना विचारा, आईचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची टेस्ट) किती होतं तेव्हा. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोला लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या डायबिटीसच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं, त्याच्या आधी अशी मुलं उपाशी ठेवून ठेवून मरायची. त्या औषधाला शेवट म्हणायचं म्हणजे कमालच आहे.

आता व्हिडिओ. व्हिडिओ खोटा नाही हे आधी सांगते, कारण तुम्ही "फेक आहे" म्हणालात की मिस्टर दिरांचंच ऐकतील. शांघायला ५९ वर्षांचे एक गृहस्थ, २५ वर्षं टाइप २, २०१७ मध्ये त्यांची किडनी बदलली होती. २०२१ मध्ये त्यांच्याच रक्तातल्या पेशींपासून प्रयोगशाळेत बीटा सेलचे पुंजके तयार करून यकृताच्या शिरेतून सोडले, ११ आठवड्यांत इन्सुलिन बंद झालं, पुढे गोळ्या पण. २०२४ मध्ये ते छापून आलं. सगळं खरं. पण व्हिडिओत किडनीची गोष्ट सांगितली होती का? बहुतेक नसणार. किडनी बदलली म्हणजे तो माणूस आधीपासूनच शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत होता, आणि बाहेरून घातलेल्या पेशी टिकायला ती औषधं मदत करतात. तुमच्या मिस्टरांची किडनी शाबूत आहे, त्यांनी केवळ इंजेक्शन नको म्हणून ती औषधं आयुष्यभर घ्यायची का? आणि शिवाय तो एक माणूस आहे, एक.

अमेरिकेतलं त्याहून मोठं काम सांगते. डग्लस मेल्टन म्हणून हार्वर्डचे शास्त्रज्ञ, त्यांच्या दोन्ही मुलांना टाइप १, म्हणजे शरीर स्वतःच बीटा सेल मारतं तो डायबिटीस, त्यांनी २०१४ मध्ये मूळ पेशींपासून (स्टेम सेल) बीटा सेल भरपूर प्रमाणात करायची रीत काढली. ते काम पुढे व्हर्टेक्स कंपनीकडे गेलं, आणि २०२५ मध्ये निकाल आला की पूर्ण डोस दिलेल्या १२ जणांपैकी १० जणांना एका वर्षाने इन्सुलिन लागत नव्हतं. वाचून माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण ते सगळे टाइप १ चे, ज्यांची शुगर न कळता एवढी खाली जायची की जिवावर बेतायचं, आणि सगळ्यांना ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू, आणि अभ्यासाच्या काळात त्यातला एक जण मेंदूच्या आवरणाच्या बुरशीजन्य संसर्गाने गेला. शास्त्रज्ञांना हे माहीत आहे म्हणून तर आता खटपट चाललीय की या औषधांशिवाय पेशी टिकतील कशा. स्वीडनमध्ये उप्सालाला एका माणसाच्या हाताच्या स्नायूत जीन बदललेल्या पेशी घातल्या, प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध न देता त्या जगल्या आणि थोडं इन्सुलिन करू लागल्या, हे पण २०२५ चंच. पण डोस मुद्दाम बारका होता, त्या माणसाची इंजेक्शनं सुटली नाहीत.

तर काम खरं आहे, वेगाने चाललंय, आणि तुमच्या २७ वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात त्यातलं काहीतरी दवाखान्यात येईल असं मला मनापासून वाटतं. पण आज सहा लाख घेऊन दिल्लीत जे टोचतात ते हे नव्हे. फोनवर विचारा, "तुम्ही घालता त्या पेशी बीटा सेल आहेत का?" बहुतेक म्हणतील नाळेच्या किंवा पोटाच्या चरबीच्या मेसेनकायमल नावाच्या स्टेम सेल. त्या बीटा सेल नव्हेत आणि शिरेतून सोडल्या की बीटा सेल होत नाहीत. आयसीएमआरची, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची स्टेम सेलबद्दलची नियमावली आहे, तिच्यात रक्ताच्या आजारांसारख्या मोजक्या गोष्टी सोडल्या तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, बाकी जे काही करायचं ते नोंदणी केलेल्या चाचणीतच. मग दुसरा प्रश्न विचारा, "सीटीआरआयचा नोंदणी नंबर द्या." ती भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, कोणालाही इंटरनेटवर बघता येते, मुलाला बघायला सांगा. आणि तिसरी गोष्ट विचारायचीच गरज नाही, तुम्हाला उत्तर माहीत आहे: खऱ्या चाचणीत प्रयोगाच्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. जो सहा लाख मागतो तो तुमच्यावर संशोधन करत नाही, धंदा करतोय. मग तो कितीही गोड बोलो आणि पांढरा कोट घालून व्हिडिओ कॉल करो.

बाग विकायचा विषय निघाला की मिस्टरांना एवढंच विचारा, बाग गेली आणि सहा महिन्यांनी शुगर तीच राहिली तर पुढे काय विकणार. दरवर्षी काजूच्या बियांचे दोन पैसे येतात त्यातच इन्सुलिनच्या सुया आणि शुगर बघायच्या पट्ट्या भागतील.

हरमलचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं जास्त वाईट. हरमलच्या बीमध्ये हार्मिन नावाचं द्रव्य असतं. माणसाच्या बीटा सेल लहानपणानंतर जवळजवळ वाढतच नाहीत, त्यांच्यावर एक ब्रेक असतो, हार्मिन तो सैल करतं असं न्यूयॉर्कच्या माउंट सायनायच्या लोकांना सापडलं. २०२४ मध्ये त्यांनी आणि कॅलिफोर्नियाच्या सिटी ऑफ होपच्या लोकांनी मिळून उंदरांच्या अंगात माणसाच्या बीटा सेल बसवल्या, हार्मिन आणि जीएलपी-१ जातीचं डायबिटीसचं औषध एकत्र दिलं, तर तीन महिन्यांत त्या पेशींचं प्रमाण ७०० टक्क्यांपर्यंत वाढलं. तुमचा ७०० चा आकडा इथून आलाय. उंदीर, शुद्ध औषध, मोजून डोस, सोबत दुसरं औषध, ही चारही वाक्यं गळून पडली आणि पुडीवर फक्त ७०० राहिलं. हार्मिन मेंदूवर पण काम करतं, जास्त झालं की उलट्या, चक्कर, भास, आणि मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांशी त्याचं भांडण असं की ब्लडप्रेशर भलतंच चढू शकतं. पुडीत किती हार्मिन आहे हे विकणाऱ्याला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि शास्त्रज्ञांना स्वतःला अजून ते फक्त बीटा सेलपर्यंतच कसं पोचवायचं हा प्रश्न सुटलेला नाही, कारण पेशी वाढवणारं औषध चुकीच्या जागी पेशी वाढवू लागलं तर काय होतं ते सांगायला नको.

आता टेस्ट. सी-पेप्टाइड. बीटा सेल इन्सुलिन तयार करते तेव्हा एका लांब साखळीचे तुकडे होतात, एक इन्सुलिन आणि एक सी-पेप्टाइड, दोन्ही सारख्याच संख्येत. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, म्हणून ते मोजलं की माणसाचं स्वतःचं किती शिल्लक आहे ते कळतं, इन्सुलिन चालू असलं तरी. पणजी, मडगाव, म्हापसा, कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होते, मात्र दोन गोष्टी सांभाळा. त्याच रक्तात त्याच वेळची शुगर पण मोजायला सांगा, नाहीतर आकड्याचा अर्थ लागत नाही. आणि शुगर ३०० च्या वर असताना केलीत तर पेशी बधिर असतात, आकडा उगाच कमी दिसेल, त्यामुळे साखर ताळ्यावर आली की मग करा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर उलट आकडा उगाच मोठा दिसतो, ते पण डॉक्टरांना आठवण करा. सी-पेप्टाइड फारच कमी निघालं तर गॅड अँटीबॉडी नावाची टेस्ट करायची का ते विचारा, कारण काही बारीक लोकांना मोठ्या वयात हळू चालणारा टाइप १ असतो आणि वर्षानुवर्षं टाइप २ समजून गोळ्या दिल्या जातात. पोटात पाठीकडे जाणारं दुखणं असेल, वजन आपोआप उतरत असेल तर एकदा स्वादुपिंडाची सोनोग्राफी पण विचारा.

इन्सुलिन सुरू करणं प्रत्यक्षात केवढं असतं ते मिस्टरांना माझ्या नावाने सांगा: बहुतेकांना दिवसाला एकच, रात्रीचं. पेनाची सुई ४ मिलिमीटर, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. न उघडलेलं पेन फ्रिजच्या दारात, फ्रीझरमध्ये कधीच नाही, गोठलं की फुकट गेलं. चालू पेन बाहेर चालतं साधारण चार आठवडे, पण आपल्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं तर नाही चालत, माझ्याकडे लोक तक्रार घेऊन येतात "इन्सुलिन लागूच पडत नाही" आणि विचारलं की कळतं स्कूटरच्या सीटखाली होतं. जागा रोज बदला, एकाच ठिकाणी टोचत राहिलं की गाठ होते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. ग्लिमेपिराइड पण चालू ठेवणार असतील तर शुगर पडायची शक्यता वाढते, तिचा डोस कमी करायचा का ते विचाराच. घाम, थरथर, चिडचिड झाली की आधी शुगर बघा, ७० च्या खाली असली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी परत बघा. ट्रक गेला पण मिस्टर गाडी चालवतातच ना, मग चालवायच्या आधी बघायची सवय. खर्चाची काळजी असेल तर डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नोंदणी करून इन्सुलिन मोफत मिळण्याबद्दल विचारा, लाजू नका.

आणि खाणं. गोड खात नाहीत म्हणता, पण सकाळी पोदेराचे उंडे (पाव) किती, दुपारी शिताचा डोंगर केवढा, संध्याकाळी परत पेज किंवा पाव? शुगर तिथून येते. शीत-हुमण सोडा असं मी कोणा गोंयकाराला सांगणार नाही, सांगून उपयोग पण नाही, पण शीत निम्मं करा आणि बांगडा, भाजी, तोणाक वाढवा.

आता तुमचं ता.क. तुम्ही दीड ओळीत उरकलंत आणि माझ्या मते सगळ्या पत्रात जास्त महत्त्वाचं तेच आहे. आयसीएमआर-इंडिआबचा जो देशभरचा अभ्यास २०२३ मध्ये आला त्यात डायबिटीसचं प्रमाण देशात सरासरी ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत वरचं. चारातला एक मोठा माणूस. त्यात बाप डायबेटिक, आजी डायबेटिक. "त्याला काही त्रास नाही" हे मी रोज ऐकते, बॉर्डरवर त्रास होतच नाही, बीटा सेल जास्त काम करून सांभाळून घेत असतात म्हणून. वडिलांसाठी लोक जे सहा लाखांत विकत घ्यायला निघालेत, म्हणजे चालणाऱ्या बीटा सेल, ते तुमच्या मुलाच्या पोटात अजून बऱ्यापैकी आहेत.

त्याला सांगा, एचबीएवनसी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांची टेस्ट, दोन्ही करून घे. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे बॉर्डर, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे बॉर्डर. या टप्प्यावर काय करता येतं त्याचा आपल्याच देशातला पुरावा आहे, चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा २००६ चा अभ्यास, खाणं आणि चालणं सुधारून डायबिटीसकडे जायचा धोका २८.५ टक्के कमी झाला, मेटफॉर्मिनने २६.४ टक्के. अमेरिकेत खाण्या-चालण्याने हाच आकडा ५८ आला होता, आपला कमी आहे, पण कमी आहे म्हणून सोडून द्यायचं असं नाही. मुलाचं वजन जास्त असेल तर आणखी एक ऐकवा: ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या डायरेक्ट अभ्यासात, २०१७ चा, डायबिटीस होऊन सहा वर्षं न झालेल्या लोकांचं वजन उतरवलं तर ४६ टक्के लोक वर्षभराने औषधाशिवाय डायबिटीसच्या बाहेर होते, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात ८६ टक्के. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी गेली आणि बीटा सेल परत जाग्या झाल्या. दुसऱ्या वर्षी आकडा ३६ वर आला, कारण वजन परत चढतं, माणसंच ती. मिस्टरांवर हे करायला जाऊ नका हां, ते आधीच बारीक आणि ११ वर्षं जुने, त्यांना उपाशी ठेवून स्नायू जातील फक्त.

नाइट शिफ्टचं मी काही बोलत नाही, नोकरी सोड म्हणणं सोपं असतं दुसऱ्याला. पण शिफ्ट सुटल्यावर पहाटे गाड्यावर रोस ऑम्लेट आणि तीन पाव आणि वर थंडगार कोल्ड्रिंक, मग दुपारी दोनपर्यंत झोप, हे असेल तर कोल्ड्रिंक बंद आणि पाव एक, एवढ्यावर सुरुवात करू दे. ऑम्लेट राहू दे. रोज अर्धा तास चालणं, आठवड्यातून दोनदा जरा वजन उचलणं, कारण जेवणानंतरची साखर ओढून घेणारे स्नायूच. आणि वर्षातून एकदा टेस्ट, चतुर्थीला घरी असतोच, त्याच्या आधीच्या आठवड्यात करून घ्या म्हणजे नेवऱ्यांना दोष द्यायला नको.

सी-पेप्टाइडचा रिपोर्ट आला की परत लिहा, आकडा आणि त्याच वेळची शुगर दोन्ही लिहा, क्रिएटिनिन असेल तर ते पण, नुसतं "नॉर्मल आलं" असं लिहून पाठवू नका.